लेडी हिनेकुरा

माझ्या कोरोला, म्हणजे आजोबाला, इंग्लंडच्या राजाकडून 'सर' हा किताब मिळणार हे कळलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "नको म्हणालास ना, कोरो?"

"हो म्हणालो," तो म्हणाला आणि बूट काढत बसला.

माझा संताप झाला. याच मुकुटाच्या शाळेत माझ्या आजीला, नॅनी हिनेकुराला, माओरीत पाणी मागितलं म्हणून पट्ट्याने फोडून काढलं होतं. पुढे तिने आणि कोरोने आमच्या गॅरेजमध्ये गावातली पोरं जमवून तीच भाषा परत बोलायला लावली. सन्मान त्यासाठी. आधी जीभ कापायची, मग ती शिवणाऱ्याला बिल्ला लावायचा.

समारंभ आमच्याच मराएवर, गावाच्या सभास्थानी, ठरला. आदल्या दिवशी आम्ही भावंडं मागच्या स्वयंपाकघरात रताळी सोलत होतो.

"मी तर घेतला असता," राविरी म्हणाला. "म्हटलं असतं, सोबत आमची नदीकाठची जमीनही परत टाका."

"तुला कोण देतंय? तुला अजून गाडीचं लायसन्स दिलं नाही कुणी." ही अनाहेरा. वेलिंग्टनला वकिली शिकते. "थट्टा सोडा. 'सर' लावून फोन केला की मंत्री फोन उचलतो. आपल्या शाळेचं छप्पर गळतंय."

"म्हणजे छपरासाठी गुडघे टेकायचे?" मी म्हणाले.

"टेकायचे. तुझ्या रागाने बसलं का छप्पर?"

"आपल्या वयाचं कुत्रं तरी विचारतं का गं असल्या बिल्ल्यांना?" राविरी म्हणाला. "मला 'सर' म्हटलं की गणिताचा मास्तर आठवतो."

ते दोघं हसले. मी सुरी खाली ठेवली. "उद्या मी हाक देणार नाही."

हसणं बंद झालं. पाहुणा कितीही मोठा असो, आमच्याकडची बाई हाक देत नाही तोवर त्याला फाटकातून आत पाऊल टाकता येत नाही. ही हाक नॅनी द्यायची. तिने ती मला शिकवली आणि मागच्या हिवाळ्यात नॅनी वारली. हाक देणारं दुसरं कुणी गावात उरलं नाही.

अनाहेराने चहाडी केली असणार. संध्याकाळी कोरो माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला. मी भांडायच्या तयारीत होते.

"नको वाटलं तर नको देऊस," तो म्हणाला. "फाटकावरूनच परत पाठवीन त्यांना. पण देणार असलीस तर एक मागतो. हाकेत आपण आपल्या गेलेल्यांनाही बोलावतो ना? तिला बोलावशील तेव्हा लेडी म्हण."

"त्यांचा शब्द? तिच्या नावाला?"

"लोकरीच्या शेडमध्ये मी मेंढ्या कातरायचो, ती खाली पडलेली लोकर झाडायची. घामाने, लेंड्यांनी माखलेली. म्हणायची, 'सर पाओरा, तंगड्या उचला.' मी म्हणायचो, 'माफ करा, लेडी हिनेकुरा.' मालक दारात उभा. त्याला कळायचंच नाही आम्ही का खिदळतोय." मग म्हणाला, "सरची बायको लेडी होते. पण मेलेलीला देत नाहीत म्हणे. मी विचारलं त्यांना."

"विचारलंस?"

"दोनदा."

तो पायांकडे बघत होता.

"आता कुणी तंगड्या उचल म्हणत नाही गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मागे काळ्या सुटातली माणसं. वारा बेफाम. ओसरीवर कोरो, मांडीवर नॅनीचा फोटो. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी त्यांना उभं ठेवलं. राजाच्या माणसांनीही थोडं ताटकळावं, एवढं तरी माझं मी वसूल केलं.

मग हाक दिली. पाहुण्यांना, त्यांच्या मेलेल्यांना, आमच्या मेलेल्यांना. शेवटी आवाज नॅनीपाशी आला.

"ये, लेडी हिनेकुरा, ये."

अनाहेराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या शब्दाची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

पाहुण्यांकडच्या बाईने उत्तराची हाक दिली आणि माणसं आत येऊ लागली. कोरो त्यांच्याकडे बघतच नव्हता. सगळे आत आले, फाटक रिकामं झालं, तरी तो मान पुढे काढून, आणखी एका उत्तरासाठी कान देऊन, तिकडेच बघत राहिला.