पट्ट्यावरचा आकडा

सकाळी आठ वाजता जाळीच्या खोलीत नऊ फुलपाखरे जिवंत होती. आठ माद्या, एक नर. कोष एकही उरला नव्हता. जिथून मी त्यांची अंडी आणली होती ती टेकडी गेल्या महिन्यात खडीसाठी फोडून झाली, म्हणजे ही जात आता एवढीच. नराचा तो पंधरावा दिवस होता. आधीचा एकही नर सतराव्या दिवसापुढे जगला नव्हता.

"नवरदेव आजही रुसलेलेच?" साखरपाणी भरायला आलेल्या मावशींनी विचारले.

"जवळ जातो, घुटमळतो, परत फिरतो. अकरा दिवस हेच."

"आठ-आठ समोर असताना एवढे नखरे. माझ्या धाकट्या दिराची जात."

मला हसू आले नाही. उजेड, तापमान, ओलावा, सगळे तीन-तीनदा बदलून मी हात टेकले होते.

मावशींनी पाने पुसायला पिवळे फडके काढले. नर फांदीवरून सुटला आणि फडक्याभोवती गिरक्या घेऊ लागला. त्यांनी हात लांब नेला, तर तोही मागोमाग गेला.

"अगं बाई. याला फडकं कळतं, बायको कळत नाही होय?"

मी माद्यांकडे पाहिले. तपकिरी पंखांवर एकेक अरुंद पिवळा पट्टा, मादीची एवढीच खूण. आणि प्रत्येक पट्टा भरून माझ्या हातचा जाड काळा आकडा. तपकिरीवर शाई दिसत नाही, लांबून आकडा वाचता यावा म्हणून मी पट्टाच निवडला होता. पंख सुकताच, एकीलाही न सोडता.

"पुसून टाक की."

आकडा असलेल्या एका मेलेल्या मादीवर मी स्पिरिटचा बोळा फिरवला. शाईबरोबर पिवळी भुकटी निघाली. खाली नुसता पारदर्शक पापुद्रा.

"रंग खवल्यांत असतो, मावशी. गेला की गेला."

मावशी कपाटाकडे बघत म्हणाल्या, "त्या पेटीतलीला कुठे आकडा आहे?"

पेटीत टेकडीवरची एक मादी टाचणीला लावलेली होती. या जातीचा जपून ठेवलेला तो एकच नमुना.

मी पेटी काढून कात्री उचलली.

"ती कापली तर इथले साहेब तुला उभी चिरतील," मावशी म्हणाल्या.

"चिरू देत."

तिचे दोन पट्टे एकाच मादीला पुरणार होते. मी सगळ्यांत धडधाकट, चार नंबरची निवडली. मावशींनी तिचे पंख चिमटीत धरले. मी सुईच्या टोकाने डिंक लावला. पहिला पट्टा तिरका बसला. मी श्वास रोखून दुसरा उचलला.

"श्वास सोड आधी," मावशी म्हणाल्या. "मरायची ती नाही, तूच मरशील."

चार वाजून दहा मिनिटांनी नर चार नंबरशेजारी उतरला आणि परत फिरला नाही. सतराव्या दिवशी सकाळी तो खाली जमिनीवर पडलेला मिळाला.

चार नंबरने एकोणीस अंडी घातली. नवव्या दिवशी मोजली. अळ्या निघालेली दोन.