दोन अक्षरांचा भाव

दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर जहांगीरने हात आडवा धरला, तशी मागून येणारी तिघं जागीच थांबली.

"आधी ऐका," तो म्हणाला. "आत गेलं की चहा येईल. भाव ठरल्याबिगर घोटसुदिक घ्यायचा न्हाई. चहा पोटात गेला की माणसाला उठून जायची लाज वाटते. त्याच्यासाठीच पाजतात तो."

लक्ष्मीबाईने मान डोलावली. तिच्या नवऱ्याने, जळबाने, उगाच डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. जळबा रेल्वेत गँगमन होता. उन्हातान्हात रुळावर घण मारणारा माणूस, पण कापड दुकानाच्या पायरीवर त्याला घाम फुटला होता. चांगुणा, त्यांची पोरगी, बापाच्या खांद्याआडून आतल्या आरशाकडे बघत होती. पंधरा दिवसांवर तिचं लग्न होतं.

"दुसरं," जहांगीर म्हणाला. "शेवटी शेठ काय बी भाव सांगू द्या, तुमी उठायचं. चप्पल पायात घालायची. पायऱ्या उतरायच्या आत हाक येते. बराबर येते."

"आन् तुमी?"

"मी निस्ता बसतो. माझा हात कापडावरून फिरून गुडघ्यावर आला, तर माल चांगला. न्हाई आला, तर दुसरा मागा."

लक्ष्मीबाईने कमरेच्या पिशवीकडे हात नेला.

"तिला हात लावू नका," जहांगीर हळूच म्हणाला. "आतले लोक तोंडाकडं न्हाई बघत, हाताकडं बघतात."

ते चैत्राचे दिवस होते. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या राशी पडल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर पिवळी धूळ साऱ्या बाजारात तरंगत होती. जहांगीरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याला सगळं जग दुधात बुडवून काढल्यासारखं दिसे, आणि या दिवसांत त्या दुधात कुणीतरी हळद कालवी. माणसं त्यातून पोहत आल्यासारखी जवळ येत आणि विरघळून जात. त्याला ते वाईट वाटत नसे. अर्धवट झोपेत असावं तसं बरं वाटे.

सत्तावीस वर्षं तो याच दुकानात, गुलाबचंद शेठच्या गादीवर, कापड दाखवायला बसला होता. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी तो आला, तेव्हा त्याच्या जागेवर गुलाबसिंग नावाचा नवा माणूस बसलेला होता. शेठ वहीतून वर बघत नव्हता. जहांगीर थोडा वेळ उभा राहिला, मग चप्पल घालून निघाला. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता.

पण आसपासच्या खेड्यांत सगळ्यांना कळलं की, जहांगीरचाचा आता कोणत्याच दुकानाचा नाही. ज्याच्या घरी लग्न निघे, तो बस्ता बांधायला त्याला सोबत नेऊ लागला. बस्त्यामागे दोन रुपये. जहांगीर सगळं सांगे. दुकानदार पहिल्यांदा मुद्दाम हलकं लुगडं दाखवतो, मग मुद्दाम महागातलं, आणि त्याला खपवायचं असतं ते तिसरं. कापड आतल्या दिव्याखाली बघू नये, दारात आणून बघावं. कोपरा ओल्या अंगठ्याने चोळावा, खळ असली तर बोटाला चिकटते, कच्चा रंग असला तर उतरतो. थानाचा शेवटचा तुकडा मागावा, तो स्वस्तात सुटतो. मोजताना दुकानदाराच्या अंगठ्यावर डोळा ठेवावा, तो दर मीटरला बोटभर कापड खातो. हे सांगताना तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघे.

एकच गोष्ट तो सांगत नसे. गुलाबचंदच्या दुकानात कापडाला लावलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर शाईने दोन-तीन अक्षरं लिहिलेली असत. दहा अक्षरांचा एक शब्द होता. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं म्हणजे शून्य. शेठने माल कितीला घेतला ते त्यावरून कळे. तो शब्द शेठ आणि जहांगीर या दोघांनाच ठाऊक होता. शेठच्या म्हाताऱ्या वडलांनी जहांगीरला गादीवर बसवताना तो कानात सांगितला होता आणि म्हणाले होते, "पोटात ठेव." त्याने तो ठेवला होता. कमरजहाँला, स्वतःच्या बायकोलाही, त्याने तो सांगितला नव्हता.

आजवर तो या दुकानाच्या पायऱ्या टाळत आला होता. पण लक्ष्मीबाईला पांढरी साडी हवी होती, आणि चांगलं पांढरं हिंगोलीत इथंच मिळे.

आत गेल्यावर नव्या कापडाचा वास आला आणि जहांगीरचे पाय सवयीने डावीकडे, दाखवणाऱ्याच्या बाजूला वळले. मग तो थांबला आणि उजवीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन बसला. इथली गादी त्याला कधी लागली नव्हती. ती मऊ होती.

गल्ल्याशी शेठ बसलेला होता. जहांगीरला फक्त पांढरा सदरा आणि त्यावर काळी टोपी एवढंच दिसलं. टोपी हलली नाही.

चहा आला. चार कप तसेच निवत राहिले.

गुलाबसिंगने थानं सोडायला सुरुवात केली. जहांगीरने डोळे मिटून घेतले. कापड उलगडताना हवेत होणारा तो आवाज, पाखरू उठल्यासारखा, आणि मग गादीवर हलकेच पडणं. प्रत्येक आवाजाबरोबर त्याच्या मनात एकेक गाव, एकेक वर्ष उलगडत होतं. वसमतच्या देशमुखांचा बस्ता, सबंध दिवस चाललेला. पावसात भिजत आलेलं एक वऱ्हाड. त्याची बोटं कापडावरून फिरत होती आणि कधी गुडघ्यावर येत होती, कधी येत नव्हती. लक्ष्मीबाई हुशार होती. विहिणीचं लुगडं तिने दारात नेऊन बघितलं. नवरदेवाच्या शर्टाला थानाचा शेवट मागितला. गुलाबसिंग मोजू लागला, तशी ती म्हणाली,

"दादा, अंगठा जरा मागं घ्या."

गुलाबसिंग चमकला. गल्ल्याकडून बारीकसा खोकला ऐकू आला. तो खोकला जहांगीरच्या ओळखीचा होता. शेठला हसू दाबायचं असलं की तो तसा खोकत असे.

"आता नवरीची साडी," लक्ष्मीबाई म्हणाली. "पांढरी."

गुलाबसिंग खाली वाकला. सगळ्यात खालच्या खणातून त्याने एक गठ्ठा ओढला आणि वरची साडी पुढे टाकली. जाडीभरडी, बिनकाठाची, कडेला पिवळी पडलेली.

"पांढऱ्यात हीच येते."

"ही तर रांडमुंड बाईची झाली," लक्ष्मीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्यात नवरी पांढऱ्यात उभी राहते, दादा. बुद्धासमोर."

"तुमचे लोक हीच नेतात की."

जहांगीरचा हात त्या साडीवर होता. न बघताही त्याने तो गठ्ठा ओळखला असता. कितीतरी वर्षं त्यानेच तो पुढे ओढला होता. भीमनगरची, कनेरगाव नाक्याकडची माणसं आली की खालचा खण. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. तीही माणसं काही न बोलता नेत होती.

"वरच्या खणात," तो म्हणाला. दुकानात पाऊल ठेवल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "डाव्या कोपऱ्यात. निळ्या कागदात असंल."

गुलाबसिंगने शेठकडे बघितलं. काळी टोपी किंचित खाली गेली आणि वर आली. शिडी लागली.

निळा कागद सुटला, तशी जळबाची मान पुढे आली. जहांगीरला तर फक्त एक उजेड दिसला, दुधात आणखी दूध ओतावं तसा. त्याने दोन बोटांनी पदर उचलला. रेशीम थंडगार होतं. आठ वर्षांपूर्वी तो आणि शेठ माल आणायला हैदराबादला गेले होते. पथ्थरगट्टीतल्या एका अरुंद माडीवर ही साडी त्यांच्यासमोर उलगडली गेली होती, आणि शेठ भाव न करता तिच्याकडे नुसता बघत बसला होता. परतीच्या गाडीत रात्रभर त्याने ती मांडीवर ठेवली होती. "मियाँ," तो म्हणाला होता, "पांढरी कोण घेणार? पण असू दे दुकानात. दुकानात एक तरी चीज नुसती असावी." मग ती वरच्या खणात गेली. जिला ती शोभली असती, तिच्यासाठी ती कधी खाली आली नाही.

त्याचा हात गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला.

चांगुणा पुढे सरकली होती. पदर हातात घेताना तिला कोपऱ्यातली चिठ्ठी लागली. ती सातवीपर्यंत शिकली होती. दिसेल ते अक्षर वाचायची तिला सवय होती.

"र... म," तिने मोठ्याने वाचलं. "हे काय असतं, चाचा?"

"मला आता दिसत न्हाई, बेटा," जहांगीर म्हणाला.

ते खरं होतं. पण त्याने ऐकलं होतं, आणि गल्ल्याशी बसलेल्या माणसानेही ऐकलं होतं. र म्हणजे सहा, म म्हणजे आठ. अडुसष्ट रुपये. आठ वर्षांपूर्वीचे.

"शेठ, हिचा भाव?" गुलाबसिंगने विचारलं. "एकशे तीस सांगू?"

शेठने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. सारं दुकान त्या चष्म्यासाठी थांबून राहिलं.

"साठ," शेठ म्हणाला.

जहांगीरने मान वर केली. गुलाबचंदने घरच्या भाच्यालासुद्धा खरेदीच्या भावाने कापड दिलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. हा तर खरेदीच्या खाली. आणि तो आकडा सांगताना आवाज लक्ष्मीबाईकडे गेला नव्हता. सरळ त्याच्याकडे आला होता. या दुकानात, या गावात, तो ऐकून समजणारा दुसरा माणूसच नव्हता.

लक्ष्मीबाई उठली. तिला शिकवलं होतं तशी ती उठली. पिशवी आवळली, जळबाला कोपराने ढोसलं.

"पन्नास," ती म्हणाली, आणि दाराकडे निघाली. चप्पल पायात सरकवली. पहिली पायरी उतरली. मागून हाक आली नाही.

चांगुणा अजून पदर धरून बसली होती.

"बाई," जहांगीर म्हणाला. "या. बसा. साठच द्या."

ती वळली. "काय म्हणलात?"

"साठ द्या. घ्या ती."

"तुमीच म्हणले व्हते, शेठ काय बी भाव सांगू द्या, उठायचं."

"म्हणलो व्हतो."

"मग काहून?"

त्याच्याकडे उत्तर होतं. दोन अक्षरांचं. पोरीने ती अक्षरं बघितली होती. खरेदीचा आकडा सांगितला असता तर ती उलगडली असती. आणि तेवढंच नव्हतं. हे सांगायचं कसं, आणि सांगून काय उरलं असतं? तो गुडघ्यावरच्या हाताकडे बघत राहिला.

"घ्या," तो पुन्हा म्हणाला.

लक्ष्मीबाईने त्याच्याकडे बघितलं, मग शेठकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मग आत येऊन तिने पिशवीची गाठ सोडली आणि साठ रुपये गादीवर ठेवले. गुलाबसिंग बावचळून साडीची घडी घालू लागला. जळबाने निवलेला चहा एका घोटात संपवला.

जहांगीर उठला. दारापर्यंत गेला आणि गल्ल्याकडे वळला. तिकडे पांढरं आणि काळं तसंच होतं. त्याने हात कपाळाशी नेला. पांढऱ्यातून काहीतरी वर उठल्यासारखं त्याला वाटलं. पण तो हात होता की वहीचं पान, हे त्याला सांगता आलं नसतं.

एसटी स्टँडवर कनेरगाव नाक्याची गाडी लागलेली होती. चांगुणा आत जाऊन खिडकीशी बसली, निळं पुडकं छातीशी धरून. लक्ष्मीबाई मागे थांबली. तिने दोन रुपये मोजून जहांगीरच्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटं मिटवली.

"बाकीच्यात तुमी आमचं लई वाचवलं," ती म्हणाली. "ते मी इसरणार न्हाई. पण शेवटी खाल्ल्या मिठाला जागलात, चाचा."

मग तीही गाडीत चढली. गाडी हलली. पिवळ्या धुळीत ती लांबवर वितळेपर्यंत तो उभा राहिला.

त्या लग्नसराईत नाक्याकडून त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. चाचा अजून शेठचाच माणूस आहे, असं तिकडे झालं. पण ते पुढचं. त्या दिवशी दिवेलागणीला तो घरी आला, तेव्हा कमरजहाँ अंगणात ज्वारी पाखडत होती. तो बाजेवर बसला. सूप थांबलं. इतक्या महिन्यांत तिने त्याचा चेहरा असा बघितला नव्हता.

"गुलाबचंदके दुकानको गये थे?"

"हौ."

"शेठ कुछ बोले?"

"बोले."

ती सूप खाली ठेवून जवळ आली. "क्या बोले?"

जहांगीरने डोळे मिटले. आतला उजेड पांढराशुभ्र होता.

"साठ," तो म्हणाला.