हसेमण्याची नक्षी

लाकडातली गाठ चिंचोक्याएवढीच होती, पण तापलेलं टोक तिच्यावर टेकवलं की घसरत होतं. बाकीच्या लाकडावर रेघ कशी मधासारखी उमटत गेली होती, आधी पिवळसर, मग हात जरा रेंगाळला की तपकिरी… आणि इथं मात्र काहीच नाही, नुसती एक चकाकी. नरहरीनं कलम उचललं. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला. खालच्या मजल्यावरच्यांनी पाण्याची मोटर सुरू केली असणार. ती सुरू झाली की टोकाची लाली उतरते, हे त्याला आता पाठ झालं होतं. थांबायचं. मोटर बंद होईपर्यंत नुसतं थांबायचं. थांबणं त्याला जमत होतं — कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरमागे बसून आयुष्यभर त्यानं दुसरं काय केलं होतं, कुणीतरी येईल आणि काहीतरी मागेल याची वाट बघण्याखेरीज…

पाट फणसाचा. इकडं, कानडी मुलखात, त्याला हसेमणे म्हणतात. लग्नात नवरा-नवरी ज्यावर शेजारी शेजारी बसतात तो लांबट पाट, आणि त्यांनी बसण्याआधी घरातल्या बाईनं तांदळाच्या पिठीनं नि कावेनं त्याच्यावर नक्षी काढायची, जी लग्न उरकलं की धुऊन जायची. नातीचं, तुंगाचं लग्न परवावर आलं होतं. या घरातल्या प्रत्येक लग्नात ही नक्षी त्याच्या बायकोनं, गोदानं काढली होती. आणि आता गोदाचा उजवा हात असा थरथरायला लागला होता की कॉफीचा लोटासुद्धा ती डाव्या हातानं धरायची, आणि उजवा पदरात गुंडाळून ठेवायची, नुकतंच झोपी गेलेलं मूल असल्यासारखा. या हाताविषयी घरात कुणी बोलत नसे. ती स्वतःही नाही.

लग्न ठरलं त्या आठवड्यात सून म्हणाली होती, आणि वाईट मनानं नाही, काळजीनंच, "अत्ते, मार्केटात तयार स्टिकर मिळतात, हसेमण्याचे. चिकटवलं की झालं. तुम्ही कशाला त्रास घेता." आणि गोदा म्हणाली होती, "सरी." म्हणजे बरं, एवढंच. नरहरी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होता. त्या एका 'सरी'नंतर पेपरातली एकही ओळ त्याच्या डोळ्यांतून आत गेली नाही, तरी तो पानं उलटत राहिला होता, कारण पेपर खाली ठेवला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि काय बोलायचं असतं अशा वेळी, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

म्हणून हे. नागराजनं, मुलानं, नरहरी रिटायर झाल्यावर आणून दिलेलं हे लाकूड जाळायचं कलम: एक डबा, त्याला फिरवायचं बटण, वायर, आणि टोकाला नखाएवढी तापणारी तार. पहिली वर्षं त्यानं त्यावर पुस्तकांत घालायच्या खुणेच्या पट्ट्या केल्या, दारावरची पाटी केली, जिच्यातली अक्षरं अजून पायऱ्या चढताना उतारावरून घसरल्यासारखी दिसतात. मग ही कल्पना सुचली आणि सुचल्याबरोबर ती आपल्यासारख्या माणसाची नाही, असंही वाटलं. पिठी धुतली जाते, जाळलेली रेघ धुतली जात नाही. गोदाची नक्षी राहील. हात गेला तरी नक्षी राहील. पण तिला विचारायचं कसं? विचारणं म्हणजे सांगणंच की तुझ्यानं आता होत नाही. आणि फोटोत बघावं तर कुठल्याही लग्नाच्या फोटोत नक्षी नाही, तिच्यावर माणसं बसलेली. नागराजच्या लग्नाच्या एका फोटोत शालूच्या काठाखालून वेलाचं एक वळण तेवढं डोकावत होतं. तेवढ्या वळणावरून आणि आठवणीवरून… मागच्या खोलीचं दार लावून, खिडकी उघडी ठेवून, पंखा बंद, कारण पंख्यानं टोक गार पडतं, तो महिनोन् महिने रेघ रेघ पुढं सरकत आला होता. मधलं कमळ. कमळाभोवतीचा वेल. कोपऱ्यांतले मोर. आता राहिली होती ती शेवटची बारीक कामं: मोराच्या पिसांतले ठिपके, काठाची दुहेरी रेघ, आणि कुठं हात घसरला होता तिथं काचकागद. काचकागदानं फार तर सावली जाते. रेघ जात नाही.

मला हे बरोबर आठवतंय का, हा प्रश्न रोज कलम तापत असताना यायचा. आणि रोज त्याला उत्तर म्हणून यायचं ते हुणसूर गाव… कुठल्याशा चुलतभावाचं लग्न, आणि तो, लग्नाच्या वयाचा, हातात पुस्तक घेऊन कोठीच्या दाराशी उजेड शोधत उभा. खाली बसून एक मुलगी पाट रंगवत होती. तिच्या कोपराला पिठी लागली होती. त्यानं कोपर बघितलं, कानामागचं फूल बघितलं, आणि पुन्हा पुस्तकात बघितलं.

"तुमचा पाय," ती म्हणाली.

"पाय?"

"पिठीत आहे."

तो इतका दचकला होता की मागं सरकण्याऐवजी पुढं चालत गेला, आणि त्याच्या एका पावलाची पांढरी खूण कोठीपासून थेट मांडवापर्यंत उमटत गेली, आणि कुणीतरी आत्या म्हणाली होती, "आली गं बाई लक्ष्मी, एका पायाची." सगळ्या बायका हसल्या होत्या. ती मुलगी हसली नव्हती. ती पुन्हा पहिल्यापासून रेघ काढायला लागली होती, तेवढा भाग पुसून, मान खाली घालून… आणि मान खाली होती तरी ती हसते आहे, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मोटर थांबली. टोक पुन्हा लाल झालं. त्यानं गाठ सोडून दिली, रेघ तिला वळसा घालून नेली, आणि ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचाच राग आला.

बाहेरून अंबूताईचा आवाज आला. त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. लग्नघरी रोज एकदा येऊन काय चुकतंय ते बघून जायची तिची रीत होती.

"अय्यो, घरात काय जळतंय? गोदा, स्टोव्हवर काही ठेवलंयस का?"

"स्टोव्हवर काही नाही, वन्सं. आत तुमचे भाऊ आहेत."

दार उघडलंच. अंबूताई आत आली, तिच्यामागे दाराच्या चौकटीला धरून गोदा. पाट झाकायला टॉवेल होता, पण तो नरहरीच्या मांडीखाली होता.

"हे काय रे? हसेमण्याला चटके दिलेस?"

"चटके नव्हेत, अक्का. नक्षी…"

"लग्नाचं लाकूड कुणी जाळतं का? पोरीनं बसायचं याच्यावर. उद्या त्यांच्याकडच्या बायकांनी विचारलं की हसेमणे काळं कशानं, तर काय सांगू? आमचा नरहरी लई पुस्तकं वाचतो, म्हणून?"

त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. आपल्याकडं लग्नकार्यात जळकं लाकूड पुढं आणत नाहीत, हे कुठल्या लहान मुलालाही ठाऊक असेल. नक्षीकामावरची पुस्तकं वाचली, लाकडाचे तंतू कुठल्या दिशेनं जातात ते वाचलं, तार किती तापवावी ते वाचलं… आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानं कलम डब्यावर ठेवलं. आता पाट भिंतीकडं तोंड करून ठेवायचा, सुनेला सांगायचं, स्टिकर आण… तो मनातल्या मनात हे सगळं करून मोकळासुद्धा झाला होता, तेवढ्यात दारातून गोदा म्हणाली, "लग्न काय पाण्यासमोर लागतं होय, वन्सं? तिथंही लाकडंच जळतात की."

"तू गप्प बस. तू त्याचीच बाजू घेणार."

पण अंबूताई गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली. मग बसलीच. तिचं बोट कमळावरून वेलावर गेलं, वेलावरून कोपऱ्यात, आणि ती बोलायची थांबली, आणि अंबूताई बोलायची थांबली की त्याला लहानपणापासून भीती वाटत असे.

"ही आईची नक्षी," ती म्हणाली. "नरहरी, ही आपल्या आईची. हा वेल बघ, कोपऱ्यात येऊन उलटा वळतो. याच्यापायी मी किती शिव्या खाल्ल्यात. मला तो सरळच यायचा… तुला कसं रे आठवलं?" तिनं पदरानं डोळे पुसले, आणि डोळे पुसल्याचा राग आल्यासारखी उठली. "असू दे. चटके तर चटके. कोण विचारतंय बघते मी. माझ्या पोराला, गुंडूला पाठवते बघायला, त्याला आजी आठवते का बघू."

ती गेली. जाताना स्वयंपाकघरात काहीतरी उघडून बघितल्याचा, मग बाहेरच्या दाराचा आवाज आला.

गोदा दारातच होती.

"ही आईची?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला वाटलं, तुझी."

"माझी कशी असेल? सुनेनं सासरचीच काढायची. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासूबाईंनी हात धरून शिकवली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती; आज दूध किती घेतलंत, असं विचारावं तसं तिनं ते विचारलं. मग ती आत आली आणि त्याच्यासमोर, अंबूताई बसली होती तिथं, भिंतीला डावा हात टेकत हळूहळू खाली बसली.

"तुला माहीत होतं? मी काय करतोय ते?"

"रोज गूळ करपल्यासारखा वास येतो, मला कळणार नाही होय? दाराबाहेर येऊन उभी राहायचे. आत यावंसं वाटायचं. मग वाटायचं, बिघडायला नको. तुम्ही श्वास धरून बसलेले असायचात."

म्हणजे ती तिथं होती. इतके दिवस दाराच्या त्या बाजूला ती आणि या बाजूला तो, दोघंही आवाज न करता… आणि तो तिच्यासाठी जे जपून ठेवत होता ते तिचं नव्हतंच. तिनं ते बघितलं असेल, कधी तो जेवायला उठल्यावर टॉवेल उचलून. बघून पुन्हा झाकलं असेल. काय वाटलं असेल झाकताना? हे विचारायचं होतं, पण विचारलं दुसरंच.

"मग तुझी कुठली? माहेरची, हुणसूरची?"

"कोण काढतं ती आता."

"सांग तरी."

गोदानं पाटाकडं बघितलं, मग खिडकीकडं. "तिच्यात कमळ नव्हतं. मोर नव्हते. नुसती पानं, एकात एक अडकलेली. आई म्हणायची, विड्याची. पण आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं तंबाखू. शेतात तंबाखू, भट्टीत तंबाखू, तिचा हात तसाच वळायचा. लांब पान, टोकाला जरा लोळणारं. इथं पहिल्यांदा काढायला घेतली तर सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, हसेमण्यावर तंबाखू? नवरदेव बसणार आहे का थुंकणार आहे?"

ती हसली. खांद्यांनी हसली.

"मग?"

"मग काय? पुसलं. कमळ शिकले."

पुसलं. त्यानं पाटावरच्या कमळाकडं बघितलं, ज्याच्या पाकळीपाकळीला त्यानं मनात गोदा म्हणत टोक टेकवलं होतं, आणि ते कमळ आईचं होतं, सुरेख होतं, आणि जिथं ते होतं तिथं आधी एक पान होतं. हुणसूरच्या त्या कोठीत ते पान त्याच्यासमोर, ओलं, पांढरं, पडलेलं होतं, आणि त्यानं कोपर बघितलं, फूल बघितलं, पुस्तक बघितलं, आणि पानात पाय दिला. एवढ्या वर्षांत मी तिला किती वेळा पाट रंगवताना बघितलं असेल. आणि दर वेळी मला वाटत राहिलं की ती तेच काढते आहे, तिचंच, पहिल्या दिवसापासूनचं…

ही ओळख चुकली, हे त्याला कळत होतं, आणि नेहमीसारखं आत काहीतरी आक्रसून जाण्याची तो वाट बघत राहिला. ते आक्रसलं नाही.

"याची खालची बाजू कोरी आहे," तो म्हणाला.

"खालची? ती जमिनीला लागणार. कोण बघणार तिथं?"

"कोणी नाही."

त्यानं पाट उलटा केला, तिला मदत करता येणार नव्हती आणि तरी तिचा डावा हात पुढं आला, आणि फणसाचं पिवळं, कोरं लाकूड दोघांच्या मध्ये आलं. मग गोदानं उजवा हात पदरातून बाहेर काढला. त्यानं तो हात इतक्या जवळून, इतका वेळ बघितला नव्हता. आपण बघतोय हे तिला कळू नये म्हणून नेहमी नजर काढून घेतली होती. आज काढली नाही. थरथरतं बोट लाकडावर टेकलं, आणि लाकडावर टेकल्यावर थरथर जरा कमी झाली.

"देठ इथून निघायचा," ती म्हणाली. "आणि मग पान असं… नाही. इथून. थांबा. पान आत वळायचं की बाहेर? बाहेर वळलं तर पुढचं त्यात अडकणार कसं?" बोट मागं आलं, पुन्हा निघालं. "आठवत नाही हो."

"पेन्सिल आणू?"

"नको. आधी आठवू दे."

कलमाचं बटण चालूच राहिलं होतं. डब्यावर टोक लाल होऊन होतं. त्यानं ते बंद केलं आणि पाटाच्या कडेला दोन्ही तळहात टेकून बसला. बोट पुन्हा देठापाशी गेलं होतं, ओठ हलत होते, कपाळावर एक आठी पडली होती जी या घरातली नव्हती, जिच्याशी त्याची ओळख नव्हती. पान कुठं वळतं हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची त्याला लाज वाटत नव्हती. तिला आठवावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण इतक्यात नको.