पत्र्यांचा बस्ता

आमच्या गावच्या शाळेला दोनदा छप्पर मिळालं. पहिलं एका उन्हाळ्यात वावटळीबरोबर गेलं. जाताना त्यानं फार आवाजही केला नाही, इतके ते पत्रे पातळ होते. कागदावर मात्र ते जाड होते, आणि ‘जाड पत्रे मिळाले’ याच्याखाली धर्मराज गुरुजींची सही होती.

गुरुजी बौद्धवाड्यातले, त्या वस्तीतून नोकरीला लागलेले पहिले. सही करू नये तर शाळा समितीचे अध्यक्ष साहेबराव लांब कुठंतरी बदली करवणार. करावी तर कधी ना कधी चौकशी होऊन नोकरीच जाणार. वावटळीनंतर चौकशीचे साहेब आले, साहेबरावांकडे जेवले आणि वाऱ्याला दोषी ठरवून गेले. निघताना गुरुजींना एवढंच म्हणाले, की पुढच्या खेपेला वारा सापडेलच असं नाही.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. पंचायत समितीनं छपरासाठी पुन्हा पैसे मंजूर केले. निम्मे गावानं घालायचे, या अटीवर. गावानं ज्वारी विकून घातले. शेतकऱ्यांनी घातले, बौद्धवाड्यानंही घातले. तेव्हा साहेबरावांनी पारावर जाहीर केलं, की उद्या मी आणि गुरुजी अंबडला जाऊन पत्रे आणतो. दुकान नेहमीचं आहे, शेठ ओळखीचा आहे, गावानं तसदी घ्यायचं कारण नाही.

गावही तसदी घेणार नव्हतं. पण साहेबरावांची चुलती चतुराबाई जवळच शेंगा फोडत बसली होती.

“दोघंच जाऊन राह्यले का?” ती म्हणाली. “लेकीचा बस्ता कुणी दोघांत बांधतं का रे, साहेबराव?”

साहेबरावांनी तिला समजावलं, की लग्नाची कापडखरेदी वेगळी आणि सरकारी खरेदी वेगळी. चतुराबाईला ते पटलं. निम्मी सरकारी खरेदी साहेबरावांनी खुशाल करावी, पण निम्मी ज्वारी आमची आहे, तेवढ्यापुरता बस्ता होऊ दे, असं ती म्हणाली. चुलतीपुढं कायदा चालत नाही.

आता बस्त्याचा नियम असा, की ज्याला बोलावणं जात नाही तो जन्मभर रुसतो. म्हणून घरटी बोलावणं गेलं. बौद्धवाड्याला लग्नाच्या बस्त्याचं बोलावणं कधी गेलं नव्हतं. पण ही लेक त्यांचीही होती, त्याला इलाज नव्हता. सकाळी पाच बैलगाड्या भरून गाव अंबडला निघालं. पहिल्या गाडीत साहेबराव होते. आपलीच वरात निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

बद्रीनाथ शेठला आधी मोर्चा आल्यासारखं वाटलं. बस्ता आहे म्हटल्यावर त्यानं रीतीनं चहा सांगितला. मग नेहमीचा पातळ पत्रा काढला. सरकारी गिऱ्हाईक माल बघत नाही, ही त्याची आयुष्यभराची श्रद्धा होती. तो पत्रा लुगड्यासारखा हातोहात फिरू लागला. बायांनी काठ चिमटीत धरून पाहिला, उजेडात नेऊन पाहिला, दोघींनी दोन टोकांना धरून झटकला. पत्रा थरथर कापला. शेठही जरा कापला.

“हा तर पहिल्या धुण्यातच जाईल,” शेतकऱ्यांच्या आळीतली नंदाबाई म्हणाली. “दुसरा दाखवा.”

दुसरा झाला, तिसरा झाला. दुकानापुढं पत्र्यांचा ढीग लागला. बाजाराला आलेली माणसं थांबून पाहू लागली. शेवटी मागच्या गोदामातून दोन हमालांनी एक पत्रा उचलून आणला. तो चौघींनी वाकवून पाहिला. वाकला नाही.

“हा बांधा,” चतुराबाई म्हणाली.

बस्त्यात भाव मोठ्यानं सांगावा लागतो, म्हणजे मागच्यालाही कळतो. शेठनं तो सांगितला. भाव एकेका तोंडातून मागं मागं सरकत शेवटच्या गाडीपर्यंत गेला. तिथं कडूबा बैलांना वैरण टाकत होता.

“शेठ,” तो तिथूनच म्हणाला, “हाच पत्रा मी गोठ्याला घेतल्ता. लई स्वस्त होता. साळेचा पत्रा दूध देतो का?”

हसणं झालं आणि एकदम थांबलं. कारण शेठनं उत्तर न देता साहेबरावांकडे पाहिलं होतं. त्याची नजर जिकडं गेली तिकडं पाच गाड्यांची नजर गेली. एवढं माणूस एवढं गप्प मी तरी कधी पाहिलेलं नाही, देवळातही नाही.

“हिशेबात चूक झाली,” शेठ शेवटी म्हणाला. “गोठ्याचाच भाव.”

उरलेल्या पैशात ओसरीपुरते पत्रे बसत होते. चतुराबाईनं तेही घालायला सांगितलं आणि पुतण्याला विचारलं, चालंल ना? साहेबरावांनी मान डोलावली. आपला पैसा आपल्या डोळ्यांदेखत पत्रा होताना माणसाला क्वचितच बघायला मिळतो.

मग पावतीचा कागद आला.

“गुरुजी, सही करा,” साहेबराव हळूच म्हणाले. मागच्या वेळी याच आवाजात म्हणाले होते, आणि तेव्हा कागद दुमडलेला होता. गुरुजींनी या वेळी तो उघडला आणि वर्गात वाचतात तसा खणखणीत वाचला. जाड पत्रे मिळाले.

“बराबर हाय का?” चतुराबाईनं मागं विचारलं.

बराबर, बराबर, असं म्हणत ते शेवटच्या गाडीपर्यंत गेलं.

गुरुजींनी सही केली. कागद उंच धरून दाखवावा म्हणून वळले, तर कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. आडावर ज्या बाया एकमेकींच्या घागरीला घागर लागू देत नव्हत्या, त्या एकच पत्रा दोन्हीकडून धरून गाडीत चढवत होत्या. एका टोकाला नंदाबाई होती, दुसऱ्या टोकाला गुरुजींची बायको.

“जरा वर धर गं, कौसल्या,” नंदाबाई म्हणाली. “जड हाय.”

गुरुजींनी पेन खिशाला लावलं आणि पत्रा मधून उचलून धरायला गेले.