वारसाची सही

"मुलगी वारली म्हणता, मग तिच्या मृत्यूचा दाखला?" वकीलसाहेबांनी हात पुढे केला.

म्हातारीने पिशवीत हात घातला तो बाहेर काढलाच नाही. शेजारी बसलेला लिफ्टवाला खुर्चीत पुढे सरकला. उभी हयात दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करून आता कुठे त्याला स्वतःच्या दोन खोल्या मिळत होत्या, त्या या म्हातारीच्या. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि बायकोने तर भांडीही बांधून ठेवली होती.

"दाखला नसला तर?" त्याने विचारलं.

"घर यांच्या नवऱ्याच्या नावावर. नवरा गेला, म्हणजे ते बायकोचं आणि मुलीचं. मुलगी गेली असेल तर दाखला आणा, जिवंत असेल तर सही आणा. नाहीतर उद्या ती तुमच्या दारात उभी राहील, अर्धं घर माझं म्हणून. मग बसा बोंबलत."

साठेखत, खरेदीखत, ना-हरकत, हक्कसोड. या शब्दांनी लिफ्टवाल्याचं डोकं उठायचं. पण हे मात्र त्याला लख्ख कळलं.

जिन्यात म्हातारीने कठडा धरला. "मेली नाही रे ती. घरातून पळून जाऊन लग्न केलं तिने. ह्यांनी चारचौघांत सांगितलं, आमची मुलगी मेली. मग मीही तेच म्हणत आले. जिभेला सवय होते."

"अहो आजी, पण वकिलाच्या कचेरीत?"

"तिथेही तेच तोंडातून गेलं. तू असं कर, सांग त्यांना, दाखला हरवला. कोण बघायला जातंय?"

आता लिफ्टवाला काही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता. क्षणभर त्याला वाटलं, बरंच आहे, सुंठीवाचून खोकला जाईल. पण एका जित्याजागत्या बाईला आपल्या हाताने कागदावर मारायचं, या कल्पनेने त्याला कसंतरीच झालं.

"पत्ता माहीत आहे का तिचा?" त्याने विचारलं.

म्हातारीने पत्ता घडाघडा म्हणून दाखवला, अगदी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट.

त्या पत्त्यावरून लिफ्टवाल्याने तिला शोधून काढलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. गिऱ्हाइकं करता करता तिने सगळं ऐकलं. दाखल्याचं ऐकून ती हसली. मग तिने पाठ फिरवली आणि फळीवरच्या सरळच असलेल्या बाटल्या बराच वेळ सरळ करत राहिली.

"मला नको त्या घरातलं काही," ती म्हणाली. "सही देते. पण दादा, नोंदणीच्या कचेरीत नातं विचारतात ना? ते मी नाही सांगणार. आईने सांगायचं."

लिफ्टवाल्याने निरोप पोचवला. म्हातारी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

नोंदणीच्या दिवशी कचेरीतल्या बाकावर दोघी दोन टोकांना आणि मध्ये हा, अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी नंबर लागला.

"ह्या बाई तुमच्या कोण?" कारकुनाने मान वर न करता म्हातारीला विचारलं.

म्हातारीने पिशवीचे बंद मुठीत धरले. मुलीच्या हातातलं पेन तसंच टोपण लावलेलं. गेलं घर, लिफ्टवाला मनात म्हणाला.

"मुलगी," म्हातारी पुटपुटली.

"मोठ्याने बोला, आजी."

"मुलगी आहे माझी! चांगली जिवंत आहे. समोर उभी आहे, दिसत नाही का तुला?"

रांगेतले चार जण वळून बघायला लागले. मुलीने टोपण काढलं, सह्या केल्या. अक्षर थोडं वाकडं आलं एवढंच.

मग आईचा अंगठा. तो काही यंत्रावर उठेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पार झिजलेल्या. कारकून वैतागला. तेव्हा मुलगी पुढे झाली, रुमालाने तिने तो अंगठा पुसला आणि आपल्या हाताने यंत्रावर दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

"झालं, काढा," कारकून म्हणाला.

दोघींपैकी कोणीच हात काढला नाही.

"अहो, आटपा की!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

लिफ्टवाला मागे वळला. "थांबा जरा," तो म्हणाला. "अजून झालं नाही त्यांचं."