भोपळ्याची कावीळ

"आता जे सांगतो त्यावर तुमच्यातला एकजण पण विश्वास ठेवणार न्हाय," कमळच्या ओटीवर टेकत केसरीनाथ म्हणाला. "माझ्या भोपळ्याला कावीळ झाली हाय."

खाडीत बैलाएवढा खेकडा पकडल्याची गोष्ट या म्हाताऱ्यानं आयुष्यभर खपवली होती, त्यामुळे लोक आधीच हसले. मानकोलीतल्या बायका दारातून आत वाकून बघत होत्या, गोदामाची ड्युटी संपवून आलेले बाप्ये अंगणात ताटकळले होते. चमत्कार आत पाळण्यात होता. कमळची सून वैशाली हिचं सहा दिवसांचं पोर हळदीसारखं पिवळं पडलं होतं. पडघ्याकडच्या चांगदेव बुवानं काल त्याच्या डोक्याला हिरव्या काड्यांची माळ बसवली होती, मुकुटासारखी घट्ट. कोणी हात लावला नाही, तरी माळ वाढली. कपाळावरून गळ्यात आली, आणि आता बेंबीपाशी लोळत होती.

"सात डोंगरांची मुळी हाय," बुवा पाळण्याला टेकून सांगत होता. "माळ वाढंल तशी कावीळ उतरंल. पायाशी आली की रोग पायाखाली. तोवर डॉक्टरची सावली नको. माळ रुसते."

"आमच्या घरी रंगूबाई रुसते," केसरीनाथ म्हणाला. "तिच्यावर काही काडी असंल तर बघा."

सगळे हसले. दाराशी बसलेली त्याची बायको रंगूबाई तेवढी हसली नाही.

केसरीनाथनं पिशवीतून पिवळाधमक भोपळा काढून मधोमध ठेवला. "काल बुवांना म्हटलं, घरात आणखी एकजण पिवळा पडलाय, मला पण एक माळ द्या. त्यांनी लगेच दिली. कोण पिवळा, तेवढं इचारलं न्हाय. ती माळ मी याच्या माथ्यावर घट्ट बसवली आणि पत्र्यावर उन्हात ठेवला."

माळ भोपळ्याच्या बुडाशी सैल पडली होती.

"भोपळा बरा झाला," तो म्हणाला. "रंग तेवढा जात न्हाय."

"देवाची मस्करी करताय तुमी," बुवा गुरकावला.

"देवाची कुठं, काडीची." केसरीनाथनं माळ उचलून कमळपुढे धरली. "बघ. ओल्या काडीचे तुकडे, आणि प्रत्येकाला दोऱ्याचा फास. काडी सुकली की आखडते. फास ढिला होतो, आत गुंडाळलेला दोरा सुटतो, माळ लांबते. तू बोंबील वाळत घालतेस. ओला केवढा असतो आणि सुकल्यावर केवढा उरतो? तेच हे. पोराच्या अंगाची ऊब लागली, म्हणून भराभर सुकली."

कमळनं एक काडी चिमटीत फिरवली. फास आपोआप निसटला. अंगणातलं हसू थांबलं. बुवा चपला शोधू लागला.

केसरीनाथ पाळण्यावर वाकला, आणि त्याच्याही तोंडावरची मस्करी गेली. पोर निपचित पडलं होतं.

"आजोबा, काल मांड्या पिवळ्या नव्हत्या," वैशाली हळू म्हणाली. "आज तळवे पण पिवळे हायत. सकाळपासून अंगावर पीत न्हाय. उठवलं तरी उठत न्हाय."

"कावीळ उतरत न्हाय, पोरी. तोंडाकडून पायाकडं पसरते हाय. माळ पण तिकडंच निघाली, म्हणून आपण फसलो. आत्ता दवाखान्यात ने."

"काका, माळ खोटी असंल," कमळ मध्येच म्हणाली. "पण एकदा घरात आणलेलं पोर बारशाआधी उंबऱ्याबाहेर काढत न्हाय आमच्यात. बाराव्या दिवशी नाव ठेवू, मग खुशाल नेऊ."

केसरीनाथ खाली बसला. जे सांगायला तो आला होता, ते आता सांगायलाच हवं होतं.

"आमच्या लेकीची पोर," त्यानं सुरुवात केली. "अशीच पिवळी. अशीच माळ. आमी पण बारशाची वाट बघत बसलो."

"मग?" वैशालीनं विचारलं.

मगच्या पुढं जायला त्यानं तोंड उघडलं, आणि जीभ सवयीच्या वाटेला लागली. "मग काय. माळ पायाशी आली तशी मी तिला उचलली, दवाखाना गाठला. डॉक्टरनं निळ्या दिव्याखाली ठेवली. आमची तुळजा. आता निजामपुऱ्यात शाळेला जाते, दोन वेण्या घालून. तोंडानं माझ्यासारखीच."

कमळचा चेहरा उजळला. "बघ, वैशाली. त्यांची नात माळ पायाशी आल्यावर नेली, तरी वाचली. आपली तर अजून बेंबीपाशीच हाय. बारसं होऊ दे."

पोराला घ्यायला पुढे झालेले वैशालीचे हात मागे आले.

केसरीनाथ काही बोलू गेला.

"खोटं," दाराशी बसलेली रंगूबाई म्हणाली. "खोटं बोलतात ते. कोण तुळजा? नाव ठेवलंच कुठं आपण? बारशाआधीच गेली ती. माळ पायाशी आली तवा पाय गार झाले होते. आधी आणली असती तर निळ्या दिव्याखाली वाचली असती, असं डॉक्टर बोलला मला. ऊठ, वैशाली. बारसं थांबतं, पिवळं पोर थांबत न्हाय."