दर्यापूरचा मळका केसपेपर

मी केसपेपर. दर्यापूरच्या डॉ. प्रियदर्शनी मॅडमच्या दवाखान्यातला. अंगावर औषधाचे डाग, चुरगळलेला कोपरा, गिचमिड अक्षर. आणि आता मुक्काम मुंबईला, मेडिकल कौन्सिलच्या पाकिटात. इथं कसा आलो म्हणता? अहो, मलाच अजून धड कळलेलं नाही!

गेल्या श्रावणात शेषरावांना सोयाबीनमध्ये साप चावला. मुलगा ललित त्यांना दवाखान्यात सोडून आईला आणायला परत गेला. इंदूबाई सिस्टरनी धावपळीत माझ्यावर वेळा खरडल्या: आले अकरा दहाला, विषावरचं इंजेक्शन अकरा वीसला. मग मॅडमनी त्यांना अकोल्याला पाठवलं. रस्त्यातच ते गेले. ललितला वाटलं, इंजेक्शन उशिरा दिलं. त्यानं कौन्सिलकडे तक्रार केली.

कौन्सिलनं कागद मागवले. मला पाठवायचं सोडून इंदूबाई म्हणतात कशा, "एवढ्या मोठ्या सायबाइले असा घाणेरडा कागद धाडू काय? काय म्हनतीन!" त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सगळं सुवाच्य उतरवलं, पेशंटच्या गर्दीत मॅडमची सही घेतली आणि मला औषधांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी अंथरलं. एक शब्द खोटा लिहिला नव्हता. मग बिघडलं कुठं?

नव्या फॉर्मखाली छपाईची तारीख होती, शेषराव गेल्यानंतरची! झालं, रेकॉर्ड बनावट ठरायची वेळ आली आणि मॅडमचं लायसन्स धोक्यात आलं. कौन्सिलला म्हणे कोर्टासारखा अधिकार असतो. समन्स आलं: मूळ कागद घेऊन सिस्टरनी स्वतः हजर राहावं.

इंदूबाईंनी मला बाहेर काढलं आणि ढसाढसा रडल्या. "मॅडम, मी तं चांगलंच कराले गेली होती. आता मले जेलात टाकतीन काय?"

"इंदूताई, जे झालं ते तसंच सांगा," मॅडम म्हणाल्या.

सुनावणीत कौन्सिलच्या साहेबांनी मला दोन बोटांत धरलं. "हा इतका मळका का?"

"साहेब, तवा आमी पेशंटकडे पाहून राहिलो होतो, कागदाकडे नाई," इंदूबाई म्हणाल्या.

साहेबांनी मला टेबलावर पसरलं. माझ्या वेळा अ‍ॅम्ब्युलन्सच्या नोंदीशी जुळल्या; तिथंही इंजेक्शन अकरा वीसचंच होतं. उशीर झाला नव्हता, हे त्यांना पटलं, मॅडमचं लायसन्स वाचलं. नकलेबद्दल मात्र दोघींना चांगलंच सुनावलं.

मग समोर बसलेल्या ललितनं मला हातात घेतलं. वेळा वाचल्या, मान खाली घातली. मला उलटलं आणि थबकलाच. मागे, संमतीच्या रकान्यात, निळ्या शाईचा अंगठा होता. नव्या कागदावर तो कुठून असणार!

"बाबाचा हाय," तो म्हणाला. "घरी त्याइचा धड फोटो बी नाई. हा कागद मले भेटन काय, साहेब?"

"रेकॉर्ड आहे. देता येत नाही."

तेव्हापासून मी या पाकिटात आहे. साहेब, तुम्हाला कुठलाही कागद बोलावून घ्यायचा अधिकार आहे ना? मग एखादा त्याच्या माणसाकडे पाठवायचाही असेल. की तेवढाच नाही?